पुढच्या दारावरचा फोटो

"आपलाच प्रचाराचा जुना कागद दाराला लटकलेला दिसला, तर त्यावर दुसरा अडकवून पुढे जायचं नाही," बेव्हने बजावलं होतं. "शेजारी विचारायचं. मागे जाऊन बघायचं. कागद कुणी काढत नाही म्हणजे एकतर आत कुणी नाही, नाहीतर आतल्याला दारापर्यंत येता येत नाही. यातलं काय ते कळल्याशिवाय हलायचं नाही तिथून."

कोरीनने ते हसण्यावारी नेलं.

सप्टेंबर होता तेव्हा. पीअर्स फॉल्सच्या बाजारात बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात गव्हर्नर हॅस्किन्सच्या प्रचाराचं ऑफिस थाटलं होतं. पायाची मापं दाखवणारा तक्ता अजून भिंतीवरच होता आणि घरोघर फिरण्यासाठी नव्याने घेतलेली मंडळी घडीच्या खुर्च्यांवर बसून बेव्हचं ऐकत होती. बेव्ह साठी उलटलेली, राज्याच्या दक्षिण टोकाची, नॅशुआची. म्हणजे सपाटीवरची. इथे डोंगरात सपाटीवरच्या माणसाचं सगळं नीट ऐकून घेतात, त्याला कॉफी देतात आणि मग आपल्याला करायचं तेच करतात.

"बेव्ह, तुमच्याकडे असेल तसं," कोरीन म्हणाली. "आमच्याकडे पुढचं दार दोघांसाठीच उघडतं. पोलिसासाठी आणि शवपेटीसाठी. बाकी सगळे मागच्या दाराने स्वयंपाकघरात. पुढच्या दाराला आज कागद लावलात तर तो नाताळातही तिथेच सापडेल तुम्हाला."

सगळे हसले. तिच्या मांडीवरची लेक, मार्गो, तीही सगळे हसले म्हणून हसली. नऊ महिन्यांची होती. बेव्ह तेवढी हसली नाही. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "मग मागच्या दाराला जा."

"कुणाच्या मागच्या अंगणात शिरायचं नाही, हा तुमचाच नियम आहे."

"तो कागदावरचा नियम आहे, पोरी. मी सांगतेय ते वेगळं."

पण कागदावरचा नियम सोयीचा होता, म्हणून तोच राहिला.

न्यू हॅम्पशायरमध्ये गव्हर्नर दोनच वर्षांसाठी निवडतात. गेल्या खेपेच्या पाट्यांचे लाकडी खुंट लोकांच्या अंगणातून निघतात न निघतात तोच नवे ठोकायची वेळ येते. हॅस्किन्स आता चौथ्यांदा उभा होता. माणूस वाईट आहे असं कुणी म्हणत नसे, आणि चांगला आहे असं म्हणायलाही कुणी जागचं उठत नसे. तो यायचा. तोच निळा कोट, तोच हात हलवणं, केस मात्र दर खेपेला थोडे मागे सरकलेले. या वेळी समोर एक वकीलबाई होती आणि तिने त्याला असं गाठलं होतं, की ऑक्टोबर संपताना दोघांत कोण पुढे हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. म्हणून मग एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या डोंगरातल्या मतांनाही भाव आला होता.

कोरीनला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तोतऱ्या, उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचं शिक्षण तिने घेतलं होतं; शाळेने ती जागाच काढून टाकली. नवरा डेरिक तुरुंगात पहारेकरी, एकावर एक पाळ्या करणारा. घरी असला की झोपलेला. या कामात बाळाला छातीशी बांधून फिरता येत होतं, एवढ्यासाठी तिने ते धरलं. आणि बाळाला नजरेआड करणं तिला जमत नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्गोला भुंकल्यासारखा खोकला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, जाईल हळूहळू. कोरीन रात्र रात्र तिच्या नाकाखाली तळवा धरून पडून राहायची. सकाळी उठायची ती आदल्या रात्रीपेक्षा थकलेली.

दाराच्या मुठीला अडकवायच्या कागदावर एकच फोटो होता. एका छोट्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या कोपऱ्याशी, कॉफीचे मग पुढ्यात घेऊन बसलेला गव्हर्नर आणि त्याच्या शेजारी चौकटीच्या शर्टातला एक म्हातारा. खाली लिहिलेलं: 'आपल्यातलाच'. तो म्हातारा म्हणजे अदेलार फूर्निए. इथलाच, कॅस्केड रस्त्यावरचा. कागदाच्या कारखान्यातलं शेवटचं यंत्र बंद व्हायचं होतं त्या वर्षी हॅस्किन्स त्याच्या घरी आला होता. डुकराचा खिमा भरून भाजलेली गरम टूर्टिएर खाल्ली, हळहळला, फोटो काढला. यंत्र बंद झालंच. फोटो इतका चांगला आला होता की पुढे दुसरा काढायची कुणाला गरज वाटली नाही. त्यामुळे अदेलार फूर्निए आता समुद्रापासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत दारादारांवर लटकत होता. कोरीन लहानपणापासून त्याला पेपेर फूर्निए म्हणायची, म्हणजे फूर्निएआजोबा. सगळी पोरं म्हणायची.

त्याच्या स्वतःच्या दारावर त्याचा फोटो पहिल्यांदा अडकवताना तिला हसू आलं होतं. दार कुणी उघडलं नाही. तिने फोनवरच्या यादीत त्याच्या नावापुढे 'घरी नाही' दाबलं आणि पुढे गेली.

दुसऱ्यांदा आली तेव्हा पहिला कागद तिथेच होता, पावसाने फुगलेला. बेव्हचं बोलणं आठवलं. बाजूच्या खिडकीतून तिने आत डोकावलं. दाराला आतून सोफा टेकवलेला होता, वारा येऊ नये म्हणून. सगळ्यांच्याच घरी असतो. मागे जायचं तर घराच्या कुशीने खाली उतरायचं आणि मग बाहेरचा लाकडी जिना चढायचा. घर उतारावर होतं, स्वयंपाकघर मागच्या बाजूला पुरुषभर उंचीवर. जिन्याच्या पायऱ्यांवर सकाळचा बर्फ काचेसारखा चकाकत होता. छातीशी मार्गो. पाय घसरला तर आपण कुठल्या बाजूला पडू, हे कोरीनच्या डोळ्यांपुढे इतकं लख्ख उभं राहिलं की तिने दोन्ही हातांनी बाळाला धरलं आणि तिथूनच मागे फिरली.

दुसरा कागद पहिल्यावर अडकला.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात बेव्हने तिला बाजूला घेतलं. बेव्हचा आवाज बसला होता. ती ऑफिसातल्याच कोचावर झोपायची आणि तिच्या स्वेटरला सूपचा वास यायचा.

"शनिवारी सेंट ॲनच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण आहे. गव्हर्नर येणार. फोटोतला म्हातारा त्याच्याशेजारी उभा हवा, असा वरून निरोप आहे. तुझ्या ओळखीचा ना तो? तू घेऊन ये."

"आणते की."

शुक्रवारी दुपारी ती गेली. दोन्ही कागद जागच्या जागी. तिने दार वाजवलं, मग मुठीने ठोकलं. "पेपेर फूर्निए! मी कोरीन, लव्हेकांची!" मार्गोला खोकल्याची उबळ आली, चांगली लांबलचक. कोरीन तिची पाठ थोपटत, तिचा श्वास पुन्हा सुरळीत लागेपर्यंत कान लावून उभी राहिली. आतून काही आलं नाही.

समोरच्या ओट्यावर सिमोन तेरियो सिगारेट ओढत होती. सत्तरीची, अंगावर नवऱ्याचा कोट.

"उगाच हात दुखवू नकोस गं," ती ओरडली. "कॅम्पवर गेलाय तो."

"कधी गेले?"

"परवा-तेरवा असेल. गाडी कुठे दिसतेय का बघ बरं? ठासणीच्या बंदुकांच्या शिकारीचा मोसम सुरू झालाय, आणि अदेलार घरी बसेल? आमचा हा जिवंत असताना मलाही नोव्हेंबरात विधवाच असल्यासारखं वाटायचं."

गाडी खरंच नव्हती. नोव्हेंबरात इथले पुरुष दिसत नाहीत, आणि ते दिसत नाहीत याची कुणी विचारपूसही करत नाही. जंगलात फळकुटांची झोपडी असते, तिला कॅम्प म्हणतात. तिथे ते दाढ्या वाढवतात, पत्ते खेळतात आणि एखादं हरीण मिळालं तर गाडीवर घालून गावातून दोनदा फिरवून आणतात. प्रचारवालेसुद्धा या दिवसांत नारिंगी टोप्या घालूनच फिरतात, न जाणो कुणी हरीण समजायचा. मार्गोच्या डोक्यावरही एक होती.

"तुझ्या पोरीचा खोकला काही बरा वाटत नाही मला," सिमोन म्हणाली. "या थंडीत फिरवतेस तिला? त्या हॅस्किन्ससाठी?"

कोरीनने तिसरा कागद अडकवला आणि 'घरी नाही' दाबलं.

संध्याकाळी ऑफिसात तिने बेव्हला सांगितलं. बेव्ह पाट्यांना काठ्या ठोकत होती. तिचा हात थांबला.

"कॅम्पवर गेला, हे कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"तू बघितलंस?"

"काय बघायचंय त्यात?"

"कागद तिथेच होते?"

"बेव्ह," कोरीन म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून चढला. "मी इथली आहे. माझे बाबा जायचे, काका जायचे. मला माहीत आहे इथे कोण कधी कुठे असतं ते."

बेव्हने तिच्याकडे पाहिलं. एखाद्या दुसऱ्या दिवशी तिने वाद घातला असता. "बरं," एवढंच म्हणून तिने पुढचा खिळा उचलला.

शनिवारी सहालाच अंधार पडला. सेंट ॲनच्या तळघरातल्या हॉलमध्ये बीन्सची मोठमोठी मडकी, डब्यात वाफवलेला काळा पाव, हॅम आणि कोबीची कोशिंबीर मांडली होती. माणसं जेवायला आली होती. गव्हर्नर बघायचा म्हणून कुणी मान वर केली तर केली. हॅस्किन्स मुदपाकखान्यातून आत आला. जवळून तो फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होता. कॉलरला तोंडावरच्या रंगाचा पट्टा उमटलेला, हात मिळवून मिळवून अंगठ्याजवळची कातडी फाटलेली. त्याच्यामागे एक पोरसवदा साहेब घड्याळ बघत होता.

बेव्हने कोरीनला पुढे केलं. "ही कोरीन. कॅस्केड रस्ता आणि वरची सगळी चढण हिने पायी काढलीय, बाळाला घेऊन."

"बाळाला घेऊन!" हॅस्किन्सने नेहमीप्रमाणे हात पुढे केले. मग मार्गो खोकली आणि तो थांबला. "नको. मी दिवसभरात कुणाकुणाचे हात धरलेत देव जाणे. तुमच्याकडेच राहू दे तिला."

कोरीनला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं.

"अदेलार कुठाय?" त्याने आजूबाजूला पाहत विचारलं. नाव बरोबर घेतलं, इथल्यासारखं.

"ते कॅम्पवर गेलेत, गव्हर्नर. शिकारीला."

हॅस्किन्सच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे तिच्याकडे वळले. त्याने तिच्या कोपराला धरून तिला दोन पावलं बाजूला, मडक्यांच्या वाफेत नेलं.

"कुणी सांगितलं?"

"शेजारच्यांनी. गाडीही नाहीये."

"गाडी नसतेच," तो हळू आवाजात म्हणाला. "तो इथे चर्चच्या मागे आणून लावतो ती. हे बघा, हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. कॅमेरेवाले गेल्यावर तो माझ्याशी बोलत बसला होता. त्याच्या यंत्रावरचे सगळे सोबती गेले, काही वर गेले, काही फ्लोरिडाला. कॅम्पचं छप्पर बसलं. त्याला कुणी चल म्हणत नाही आणि तो कुणाला ने म्हणत नाही. म्हणून मोसम आला की गाडी लपवतो, पडदे ओढतो आणि घरातच दिवे न लावता बसून राहतो. डब्यातल्या बीन्स खातो. मग आठ-दहा दिवसांनी गाडी घरी आणतो आणि सांगतो, या वेळी काही मिळालं नाही." हॅस्किन्सने तोंडावरून हात फिरवला. "परक्या माणसाला सांगतात लोक असं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, याला मधूनमधून फोन करायचा."

"सर, चला," तो साहेब म्हणाला.

"आत जाऊन कुणी बघितलंय का त्याला?" हॅस्किन्सने विचारलं.

काल कोरीन दाराशी कान लावून उभी होती. मार्गोचा श्वास ऐकत.

"सर."

हॅस्किन्स मंचाकडे गेला, पण जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. कोरीनने छातीवरचा पट्टा सोडायला घेतला. बक्कल निघेना. बेव्हने ते काढलं.

"काय झालं?"

"मी बघितलं नाही, बेव्ह. ते घरात आहेत. हिला धरा. हिला खोकला आहे, उताणी झोपवू नका, उबळ आली तर उभी धरा, आणि—"

"पोरी, मी एवढे गव्हर्नर सांभाळले. जा."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा मार्गो तिच्या अंगावर नव्हती. जिन्याने वर धावताना तिला आपलं वजनच कळेना. पाठीमागून भोंग्यातून हॅस्किन्सचा आवाज येत होता: "आमचा मित्र अदेलार आज इथे नाही. शिकारीचा मोसम आहे, आणि माझ्या भाषणापेक्षा हरीण बरं एवढी अक्कल त्याला आहे!" लोक खदखदून हसले. हॅस्किन्सने म्हाताऱ्याची लाज राखली, हे हसण्यातल्या कुणालाच कळलं नसणार.

चर्चच्या मागे, कचऱ्याच्या मोठ्या पेटीच्या आडोशाला, हिरवी गाडी होती. काचेवर पानांचा थर.

पेपेरच्या घराच्या मागच्या जिन्यावर तिचा पाय दोनदा घसरला. एकदा गुडघा फुटला. दाराला कुलूप नव्हतं; इथे मागच्या दारांना नसतंच. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गार होतं. तिने भिंत चाचपून दिवा लावला.

फोटोतलंच स्वयंपाकघर. टेबल उघडं होतं. त्यावरचं मेणकापड ओढून घेऊन अदेलार फूर्निए चुलीच्या नि टेबलाच्या मधे जमिनीवर पडला होता. एक पाय नको तिकडे वळलेला. ओठ निळे. डोळे उघडे होते, आणि ते दिव्याने मिटले.

"पेपेर!"

"दिवा कशाला लावलास," तो म्हणाला. आवाज खरवडल्यासारखा होता. "सिमोनला दिसेल."

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. पत्ता सांगताना घर मागून कसं गाठायचं ते दोनदा सांगितलं. मग आतून रजया आणल्या, स्वतःचा कोट काढून त्याच्या डोक्याखाली दिला आणि चमच्याने त्याच्या ओठांवर पाणी सोडू लागली, जसं मार्गोला औषध देते तसं, गालाच्या कडेने.

"कधी पडलात?"

"गुरुवारी. डबा उघडणारा खाली पडला, तो घ्यायला वाकलो." त्याने घोट गिळला. "काल तूच होतीस ना पुढच्या दाराशी?"

"हो."

"बाळाला खोकला आहे."

कोरीनचा हात थांबला.

"मी हाक मारली," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. झालं ते सांगत होता. "तू तिला समजावत होतीस. मग म्हटलं, तिचं झाल्यावर पुन्हा मारू. तर तू गेलीस."

"मला ऐकू नाही आलं, पेपेर."

"मधे सोफा आहे."

तिला रडायला आलं, पण रडायची ताकद नव्हती. आठवड्यांची झोप अंगात तुंबली होती. जमिनीवर त्याच्या शेजारी बसून ती त्याचा हात चोळत राहिली. हात लाकडासारखा होता. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"तू त्या हॅस्किन्सची माणूस ना?"

"हो. त्यांनीच सांगितलं मला, तुम्ही घरी असाल म्हणून."

"म्हणजे लक्षात ठेवलंन त्याने," तो म्हणाला. मग ओठांचा एक कोपरा हलला. "त्याला सांगू नकोस, पण मी त्याला कधीच मत दिलं नाही. टूर्टिएर दोनदा मागून घेतली पठ्ठ्याने, आणि यंत्र बंद पडू दिलं. फोटोला बसलो म्हणून मत द्यायचं का?"

"नाही, पेपेर."

"आणि सिमोनला सांग, मी आज सकाळी कॅम्पवरून आलो आणि पडलो."

"बोलू नका आता."

"सांगशील ना?"

"सांगेन."

पायऱ्यांवर बुटांचे आवाज आले.

रविवारी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डोंगर उतरून दीड तासावरच्या मोठ्या हॉस्पिटलात. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर 'बघू' म्हणाले. मार्गोच्या खोकल्यापायी कोरीनला तो शब्द नेहमीचा होता. त्याने धीर येत नाही आणि आशाही सुटत नाही. प्रचाराच्या कुणा बाईने फोन करून विचारलं, गव्हर्नर सोमवारी दहा मिनिटं हॉस्पिटलात येऊ शकतात, कॅमेरा चालेल का? कोरीनने नाही म्हणून सांगितलं. सोमवारी हॅस्किन्स आला, कॅमेऱ्याशिवाय आला, आणि त्याच दिवशी दोन सभांना उशिरा पोचला. तो काय बोलला ते तिला कळलं नाही. अदेलार झोपेतच होता, असं नर्स म्हणाली.

कोरीन पेपेरच्या घरी त्याचे कपडे न्यायला गेली, तेव्हा सिमोन तेरियो रस्ता ओलांडून तिच्याकडे आली.

"कॅम्पवर पडला होय गं?"

"नाही. परत आल्यावर. घरीच."

"देवाची कृपा," सिमोन म्हणाली आणि छातीवर क्रूस काढला. "तिकडे जंगलात पडला असता तर कुणाला कळलं असतं? इथे निदान आपण सगळे आहोत."

कोरीनने मान हलवली. वचन दिलं होतं.

मंगळवारी मतदान. शाळेच्या व्यायामशाळेबाहेर, आखलेल्या रेघेच्या पलीकडे, दोन्हीकडची माणसं पाट्या घेऊन कुडकुडत उभी होती. एकमेकांच्या थर्मासमधली कॉफी पीत होती. कुणाच्याच अंगात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. कोरीनच्या पाटीवर तोच फोटो. आज ती त्याच्याकडे बघतच नव्हती. मार्गो पाठीशी होती, अर्धी झोपलेली, खोकला थोडा सैल झालेला. 'हॅस्किन्सला मत द्या' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते सकाळपासून तिच्या तोंडून निघत नव्हतं.

गॅरेजवाला रोलँड आला. तिने त्याला अडवलं.

"रोलँड, तुमच्या वरच्या मजल्यावर मिसेस कूट्यूर राहतात ना? आज दिसल्या का?"

"त्या? मुलीकडे गेल्या असतील. दर वर्षी जातात थंडीत."

"असतील की गेल्यात?"

रोलँडने टोपी मागे सारली. "आता... पावलं नाही वाजली खरी दोन दिवस. मत टाकतो आणि येताना बघतो."

"आधी बघून या. मतदान संध्याकाळपर्यंत आहे."

"अगं पण लाइन—"

"तुमची जागा मी धरते."

तो पुटपुटत गाडीकडे वळला. शेजारी उभी असलेली बेव्ह नाक पुसत म्हणाली, "याचा पगार नाही मिळत हं आपल्याला." मग गाडी सुरू होऊन निघालेली बघून म्हणाली, "हं, ती हिरव्या स्कार्फवाली बघ येतेय. तिला विचार."

कोरीनने तिलाही विचारलं. त्यानंतर आलेल्यालाही. काहींनी उडवून लावलं, एकीने "तुला काय करायचंय?" म्हणून सुनावलं, वकीलबाईची पाटी धरलेल्या माणसाने मात्र आपली पाटी कुंपणाला टेकवली आणि खिशातून फोन काढून आपल्या काकाला लावला. तो उचलला जाईपर्यंत तिथले सगळे गप्प उभे राहिले.

हॅस्किन्स आला की पडला, ते रात्री उशिरा कळायचं होतं. कोरीनला तोवर जागायचं नव्हतं.

आणि हे वाचणाऱ्या तुम्ही. परवाच कुणाबद्दल तरी तुम्हीही म्हणाला असाल, 'असेल कुठेतरी गेलेला.' कोण तो, ते तुम्हाला आत्ता आठवलं असेल. कोरीनचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की हे बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे जा. दार वाजवा, आणि आतून माणसाचा आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.